सालईचा कागद

वऱ्हाडात कागद येऊन सहाशेहून अधिक वर्षं झाली. त्यातल्या बहुतेक काळात या कागदासाठी कुणी झाडाला कुऱ्हाड लावली नाही. शाळेच्या भिंतीवर ‘कागद वाचवा, झाडे वाचवा’ असं लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचतो आणि कागद झाडापासूनच होतो, पूर्वीपासून होत आला, असं धरून चालतो. आपल्या इथल्या झाडांपुरतं बोलायचं तर ही गोष्ट जेमतेम सत्तर वर्षांची आहे आणि तिचं मुख्य पात्र म्हणजे सालई. इमारतीला निरुपयोगी आणि सरपणाला हलकी म्हणून लाकूडतोड्यांनी सोडून दिलेली सालई.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा हे गाव नागपूर-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे. पूर्वेला निघालं की शेलूबाजार ओलांडून कारंजा लाड लागतं. पश्चिमेला मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत गेलं की संभाजीनगर आणि त्यापुढे दौलताबाद. कारंज्याच्या जैन मंदिरांत शेकडो वर्षांपूर्वीच्या कागदी पोथ्या वेष्टनांत बांधून ठेवलेल्या आहेत. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये कागजीपुरा नावाचं गाव आहे, तिथे हातकागद होत असे. म्हणजे रस्त्याच्या एका टोकाला कागद करणारे आणि दुसऱ्या टोकाला तो जपणारे. मधल्या माळांवर, काटेपूर्णेच्या खोऱ्यात आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उतारांवर साग, धावडा, सालई, मोह, तेंदू यांची रानं होती. विदर्भातल्या कितीतरी किन्ही गावांना पाहून ज्याची आठवण व्हावी ते किन्हईचं झाडही होतं. किन्हईच्या लाकडाचा लगदा उत्तम होतो हे आजचे कागदतज्ज्ञ जाणतात. त्या काळी हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कागदाच्या आधी इथे लिहीत कशावर? वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. १९३९ मध्ये तिथे विंध्यशक्ती दुसरा या राजाचे ताम्रपट सापडले. चौथ्या शतकातलं ते दानपत्र, अर्धं संस्कृतात, अर्धं प्राकृतात. तांब्यावर कोरलेलं टिकलं, रोजच्या वापरातलं लिखाण मात्र पार नाहीसं झालं. ते बहुधा झाडाच्या अंगावरच झालेलं असणार, कारण त्या काळात भारताला दोनच मोठी लेखनसाधनं ठाऊक होती आणि दोन्ही झाडाची. उत्तरेत भूर्ज, दक्षिणेत ताड.

भूर्ज हिमालयात उंचावर वाढतो. त्याची साल पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटते. ते पापुद्रे तेल लावून घोटले की शाई धरणारं पान तयार. ताडाच्या जातींत लिखाणासाठी सर्वांत मोलाचा श्रीताड. त्याची पानं उकळून, वाळवून, घासून पट्ट्या करायच्या आणि मध्ये भोक पाडून दोरीत ओवायच्या. या दोन्ही प्रकारांत झाडाचा लगदा करावा लागत नव्हता, त्याची साल किंवा पान हेच लिहायचं पान होतं. पण भूर्ज वऱ्हाडात होत नाही आणि श्रीताडही इथला नव्हे. दोन्हींसाठी परमुलखावर विसंबावं लागे.

झाडाच्या सालीपासून खरा कागद करण्याची विद्या चीनची. हान दरबारातला अधिकारी त्साय लुन याने इसवी सन १०५ मध्ये बादशहाला ही कृती सादर केली, असं तिथलं इतिहासलेखन सांगतं. तुतीच्या वर्गातल्या झाडांची साल, अंबाडीसारख्या झाडांचे धागे, जुनी जाळी आणि चिंध्या कुटून तो लगदा होई. जपानने पुढे कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा कागद परमोच्च पातळीला नेला. नेपाळने लोकता नावाच्या झुडपाच्या सालीचा कागद केला आणि तिथे तो अजूनही होतो. या परंपरेचं वैशिष्ट्य असं की झाड मरत नाही. कोझोच्या फांद्या दर हिवाळ्यात छाटतात, साल सोलून घेतात, वसंतात नवे फुटवे येतात.

मग लोकता नेपाळात असताना आपल्याकडे सालीचा कागद का रुजला नाही? माझ्या मते याचं उत्तर कागदाच्या वाटेत आहे. दख्खनला कागद हिमालय उतरून मिळाला नाही, तो समरकंद, बगदाद, इराण, दिल्ली असा लांबचा वळसा घालून आला. आठव्या शतकात कागदाची विद्या मध्य आशियात पोचली, तेव्हा तिथल्या कोरड्या मुलखात तुतीच्या सालीचा सुकाळ नव्हता. तिथल्या कारागिरांनी चिंध्या, सुती-तागी कापड आणि दोर यांवर भागवलं. त्यांच्या हातून जी कृती पुढे गेली ती चिंध्यांची. दख्खनच्या कागज्यांनी तीच उचलली आणि झाडाकडे पाहण्याची त्यांना गरजच पडली नाही.

महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. त्या लवाजम्यात कागद करणारेही आले आणि किल्ल्याजवळ वसले, अशी कागजीपुऱ्याची परंपरा आहे. पुढे जुन्नर आणि पुणे इथेही कागद होऊ लागला. पुण्यात तर पेठेच्या एका भागालाच कागदीपुरा म्हणत. वऱ्हाडात बाळापूरला कागद होई. पण नाव राहिलं दौलताबादी कागदाचं. बहादुरखानी, साहेबखानी, मुरादशाही अशा त्याच्या जाती होत्या. सनदांसाठी सोन्याचे कण शिंपडलेला अफशाणी कागदही तिथे निघे.

हा कागद होई कसा ते जरा जवळून पाहू, कारण पुढची सगळी तुलना त्यावरच उभी आहे. जुनं गोणपाट, तरट, झिजलेले दोर, चिंध्या आणि रद्दी हा कच्चा माल. तो बारीक तोडून पाण्यात भिजवायचा, चुना मिसळून दिवसचे दिवस मुरू द्यायचा आणि मग कुटायचा. कुटायला ढेकी. एकजण पायाने लाकडी दांडा दाबून जड डोकं वर उचलतो, पाय सोडला की ते खळग्यातल्या मालावर आदळतं, आणि समोर बसलेला दुसरा दोन घावांच्या मध्ये हात घालून माल खालीवर करतो. त्याची नजर चुकून चालायचं नाही. मग नदीवर नेऊन धुवायचं, पुन्हा चुना, पुन्हा कुटणं, पुन्हा धुणं. शेवटी हौदात पाण्यावर तरंगणारा दुधासारखा लगदा राहतो.

हौदाच्या काठाशी खळग्यात कारागीर बसतो. त्याच्या हातात लाकडी चौकट, वर गवताच्या काड्यांची घोड्याच्या केसांनी विणलेली चटई. ती हौदात बुडवून सपाट वर काढायची, क्षणभर डोलवायची. पाणी निथळतं आणि चटईवर लगद्याचा पातळ थर बसतो. तो थर एकावर एक उलटत जायचा. ढिगावर दगड ठेवून पाणी दाबून काढलं की एकेक ताव सोडवून घराच्या गिलावा केलेल्या भिंतीवर मऊ झाडणीने चिकटवायचा. वाळला की तांदळाची किंवा गव्हाची खळ लावायची आणि लाकडी पाटावर ठेवून गोट्याने किंवा कवडीने घोटायचा. बोरूची शाई फुटू नये, अक्षराची कड स्वच्छ यावी, यासाठी ही घोटाई. काजळ आणि बाभळीचा डिंक खलून शाई होई. झाडाचा वाटा इतकाच, तोही कुऱ्हाड न लावता मिळालेला.

या कृतीतला चुना मला फार महत्त्वाचा वाटतो. कागदाचं आयुष्य आम्लाने संपतं. चुन्यात मुरलेल्या लगद्यात त्या आम्लाला मारणारा अंश उरतो. शिवाय कापसाचा आणि तागाचा धागा लांब असतो, आणि तो कुटून कितीही मऊ केला तरी एकमेकांत गुंतून राहतो. म्हणूनच पेशवे दफ्तरातल्या मोडी रुमालांतले लाखो कागद आजही उलगडता येतात. म्हणूनच कारंज्याच्या पोथ्या वाचता आल्या.

कारंज्याची हकिगत सविस्तर सांगायला हवी. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांच्या तिथल्या मंदिरांत भट्टारकांच्या काळापासून ग्रंथ जमत आले. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये छापली, तेव्हा या भांडारांचं मोल विद्वानांच्या नजरेत भरलं. त्यानंतर अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी या पोथ्या अभ्यासल्या. कारंजा जैन ग्रंथमालेतून ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ असे अपभ्रंश ग्रंथ १९३१ ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. दहाव्या शतकातला पुष्पदंत कवी मान्यखेटच्या राष्ट्रकूटांच्या राजधानीत लिहीत होता. मराठीच्या आधीची भाषा कशी होती, तिचे प्रत्यय कसे बदलले, हे सांगताना त्याच्या ओळींशिवाय आज पान हलत नाही. त्या ओळी आपल्यापर्यंत येण्यासाठी कुणीतरी त्या पुन्हा पुन्हा कागदावर उतरवल्या आणि तो कागद चिंध्यांचा होता.

याच हिरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून ‘षट्खंडागम’ आणि त्यावरची धवला टीका छापायला सुरुवात केली. पुढच्या वीस वर्षांत तिचे सोळा खंड निघाले. त्या ग्रंथाच्या मूळ प्रती कर्नाटकातल्या मूडबिद्रीला ताडपत्रांवर होत्या. ताडपत्रावरून हातकागदावर आणि हातकागदावरून छापील पानावर, असा लेखनाच्या तिन्ही युगांचा प्रवास एकाच ग्रंथाने वऱ्हाडात पुरा केला.

छापील पानाचा कागद मात्र तोवर बदललेला होता.

युरोपातही कागद चिंध्यांचाच होता आणि अठराव्या शतकापासून तिथे चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७१९ मध्ये गांधीलमाशीच्या पोळ्याकडे लक्ष वेधलं. ती माशी लाकूड चावून त्याचा कागदासारखा पडदा बनवते, मग माणसाला ते का जमू नये, असा त्याचा सवाल होता. उत्तर यायला सव्वाशे वर्षं लागली. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर आणि कॅनडात फेनर्टी यांनी, एकमेकांना न ओळखता, लाकूड दगडावर घासून लगदा केला. वाळवंटातून आलेला चिंध्यांचा कागद मागे पडला आणि उत्तरेकडच्या देशांतली सूचिपर्णी जंगलं यंत्रात जाऊ लागली. वर्तमानपत्रं स्वस्त झाली, पानं वाढली. ‘केसरी’ १८८१ मध्ये निघाला तो या नव्या युगाच्या उंबरठ्यावर. भारतातल्या वर्तमानपत्रांचा कागद विसाव्या शतकात नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, कॅनडाहून येऊ लागला.

या आयातीने आणि गिरण्यांच्या कागदाने कागजीपुऱ्यासारख्या गावांचा धंदा बसवला. तुरुंगांत कैद्यांकडून करवून घेतलेला कागदही कागज्यांच्या पोटावर आला. हौद कोरडे पडले, कागज्यांची मुलं दुसरे धंदे शोधू लागली.

हे थांबवण्याचा एक गंभीर प्रयत्न आपल्याच प्रांतात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं ठाणं होतं आणि सूत्रं जे. सी. कुमारप्पा यांच्या हाती. तेलघाणी, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ यांच्या जोडीला तिथे हातकागदाचा विभाग सुरू झाला. के. बी. जोशी यांनी कागद करण्याची कृती शास्त्रशुद्ध करून पुस्तकात मांडली, आणि १९४० मध्ये पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. ती आजही आहे. मगनवाडीचा विचार साधा होता. गावात जे वाया जातं, चिंध्या, रद्दी, काड, गवत, त्याचा कागद गावातच व्हावा. मला हा विचार आजही खरा वाटतो. पण दैनिक वर्तमानपत्राची भूक हातचौकटीने भागत नाही हेही तितकंच खरं, आणि ती भूक दुसऱ्या महायुद्धात उघडी पडली. समुद्र असुरक्षित झाला, जहाजं थांबली, वर्तमानपत्राचा कागद मिळेना. सरकारने नियंत्रणं घातली, दैनिकं दोन-चार पानांवर आली. स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाची सगळी वर्तमानपत्रं परदेशी लाकडावर अवलंबून आहेत, हे त्या काळात प्रत्येक संपादकाला कळून चुकलं.

मग आपल्याकडे कोणतं झाड चालेल? हिमालयात देवदार, चीड होते, पण ते कापून आणायचे कुठून आणि कसे! देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत मैदानी जंगलांतल्या लाकडांवर प्रयोग सुरू झाले. तिथे सालईचं नाव पुढे आलं.

सालई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खडकाळ, कोरड्या, जिथे दुसरं काही धड वाढत नाही अशा उतारावर ती कळपाने उभी असते. साल राखी, हिरवट झाक असलेली, आणि तिचे पातळ कागदी पापुद्रे सुटत असतात. हिवाळा सरता सरता पानं गळतात आणि निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना बारीक पांढरी फुलं येतात. खोडाला चीर दिली तर सुगंधी डिंक पाझरतो. तोच सालईगुग्गुळ, अरबस्तानातल्या लोबानाचा सख्खा भाऊ. मध्य प्रांतातल्या काही समाजांत लग्नमांडवाचा खांब सालईचा रोवत. तिची फांदी जमिनीत खोचली तर पालवते, म्हणून संसाराला ती शुभ मानत असावेत. पण सुताराच्या लेखी तिला किंमत नव्हती. लाकूड मऊ, किडीला लवकर बळी पडणारं, घराला नको आणि औताला नको.

कागदाला मात्र हेच हवं होतं. मऊ आणि फिकट लाकूड, दगडावर सहज घासलं जाणारं, आणि एकाच ठिकाणी भरपूर मिळणारं. उणीव एकच की तिचा धागा आखूड. छपाईच्या वेगवान यंत्रावर असा कागद तुटतो. त्यावर उतारा बांबूचा. बांबूचा धागा लांब असतो. सालईचा घासलेला लगदा आणि बांबूचा रसायनांत शिजवलेला लगदा एकत्र केला तर वर्तमानपत्राचा कागद होऊ शकेल, असा हिशेब बसला.

१९४७ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात, खंडवा-बऱ्हाणपूरच्या दरम्यान रेल्वेमार्गालगत, राष्ट्रीय वर्तमानपत्र-कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली. नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स हे तिचं नाव, आणि त्याच्या आद्याक्षरांवरून वसाहतीचं नाव पडलं नेपानगर. खासगी भांडवलाला हे ओझं झेपेना, तेव्हा १९४९ मध्ये प्रांतिक सरकारने व्यवस्थापन हाती घेतलं. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी होती. वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, म्हणजे किन्हीराजाचा शेतकरी आणि नेपानगरचा कामगार एकाच सरकारच्या राज्यात राहत होते. मगनवाडी आणि नेपानगर हेही त्याच सरकारच्या नकाशावर. कागद कशाचा करायचा या प्रश्नाची दोन टोकांची उत्तरं एकाच प्रांतात, अवघ्या तेरा वर्षांच्या अंतराने उभी राहिली.

२६ एप्रिल १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी हा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. वर्षाला तीस हजार टनांची क्षमता, आणि भारतातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना. सहा महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, नेपानगर मध्य प्रदेशात राहिलं. कारखाना आपल्या हातून गेला, त्याचा कागद मात्र येत राहिला.

कारखान्याच्या आत सालईचं काय होई? ओंडके साल काढून ठरावीक लांबीचे कापायचे. प्रचंड फिरत्या दगडावर ते आडवे दाबायचे, वरून पाण्याची धार सोडायची. लाकूड वाफाळत, किसल्यासारखं निघत जातं आणि ओंडक्याचा जवळजवळ सगळा भाग लगद्यात उतरतो. म्हणून हा कागद स्वस्त. पण लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन नावाचं द्रव्यही सगळंच्या सगळं कागदात राहतं. ऊन आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागद ठिसूळ होतो, घडीवर तुटतो. सालईचा डिंक हा आणखी एक ताप. तो चिकटून जाळ्यांवर आणि रुळांवर बसे. ज्या डिंकाने तिला रानात मान मिळवून दिला, तोच इथे साफ करत बसावा लागे.

तीस हजार टन ही देशाची गरज भागवणारी संख्या नव्हतीच. आयात चालू राहिली, परकीय चलन तुटपुंजं, आणि कागदाचा कोटा सरकार ठरवू लागलं. कोणत्या पत्राने किती पानं काढायची आणि किती किमतीला विकायची इथवर ते पोचलं. १९५६ च्या कायद्याखाली १९६० मध्ये तसा आदेश निघाला आणि त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं ते पुण्याचं ‘सकाळ’. १९३२ मध्ये सुरू झालेल्या या दैनिकाचा खप तेव्हा आठवड्याच्या दिवशी बावन्न हजार होता. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, किंमत सात नवे पैसे. आदेश पाळायचा तर पानं कमी करा, नाहीतर किंमत आठ पैसे करा. एका पैशाचा हा प्रश्न होता आणि न्यायालयाने तो विचारस्वातंत्र्याचा मानला. खप आणि पानांची संख्या यांवर बंधन घालणं म्हणजे अभिव्यक्तीवरच बंधन, असा निर्णय देऊन १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. पुढे १९७२ मध्ये दहा पानांच्या मर्यादेवरून टाइम्स समूहाच्या बेनेट कोलमन कंपनीचा खटला झाला, त्यातही हीच भूमिका टिकली. भारतीय वृत्तपत्रस्वातंत्र्याची कायद्याची व्याख्या एका मराठी दैनिकाच्या कागदाच्या हिशेबातून घडली याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा. आपल्याकडे ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही.

रानात दरम्यान काय चाललं होतं? सालईचं बी पावसात रुजतं, पण रोपाचा वरचा भाग उन्हाळ्यात मरतो. पुढच्या पावसात पुन्हा फुटतो, पुन्हा मरतो. वर्षानुवर्षं हे चालतं. जमिनीखाली मूळ जाड होत जातं आणि पुरेसं बळ आल्यावर कधीतरी एक कोंब टिकून वर जातो. या मधल्या वर्षांत गुरं चरली, वणवा लागला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. इतक्या संथ झाडाला तासातासाला टनांनी कागद मागणारं यंत्र कसं मानवावं! तोड वेगाने झाली, भरून निघणं तिच्या गतीने. सातपुड्याच्या जवळच्या उतारांवरची सालई विरळ होत गेली, ओंडके दूरवरून आणावे लागले, बांबूवरचा भार वाढत गेला.

बांबूची स्वतंत्र कथा पूर्व विदर्भात घडली. १९४५ मध्ये थापर समूहाने स्थापन केलेल्या बल्लारपूरच्या कारखान्याला चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू नाममात्र दराने वर्षानुवर्षं मिळाला, आणि त्याच जंगलातल्या गोंड माणसाला टोपलीसाठी काठी तोडताना चोर ठरावं लागलं. २७ एप्रिल २०११ ला त्याच जंगलातल्या मेंढा लेखा गावाच्या ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा हक्क मिळाला, तेव्हा कुठे या अन्यायाला खिंडार पडलं. बांबू तर शास्त्राने गवतच. कायद्याच्या पुस्तकातून त्याला ‘झाड’ या सदरातून बाहेर पडायला २०१७ उजाडलं.

सालईच्या वाट्याला असा लढा आला नाही. ती मुकाट्याने कारखान्यात गेली आणि मुकाट्याने मागे पडली. नेपानगरने पुढच्या दशकांत लाकूड सोडत सोडत रद्दी धरली. जुनी वर्तमानपत्रं आणि वह्यांचा कागद भिजवून, शाई काढून, पुन्हा लगदा. आधुनिकीकरणासाठी २०१६ मध्ये उत्पादन थांबलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं ते याच पद्धतीवर. कागजीपुऱ्याच्या कागज्यांनी ढेकीखाली जी रद्दी घातली होती, ती आता नेपानगरच्या यंत्रात जाते. बल्लारपूरसारख्या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या बांधावरचं सुबाभूळ आणि निलगिरी घेतलं, म्हणजे तिथेही कागदाचं झाड आता जंगलातून शेतात आलं आहे.

काटेपूर्णेच्या अभयारण्यात, मेळघाटात, सातपुड्यात सालई अजून आहे. तिच्या रानांना आता कागदाची भीती उरलेली नाही, चराईची आणि वणव्याची आहे.

दुसरी एक गोष्ट मात्र हातातून निसटते आहे आणि तिच्याबद्दल मला खरी तळमळ वाटते. १९५६ नंतरच्या चारेक दशकांत विदर्भातली मोठी आणि छोटी दैनिकं, साप्ताहिकं अशाच घासलेल्या लाकडाच्या कागदावर निघाली, काही नेपानगरच्या, काही परदेशी. स्वतंत्र विदर्भाच्या सभा, १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमीची कामं, कापूस एकाधिकाराचे भाव, वाशीम जिल्हा व्हावा म्हणून झालेल्या मागण्या आणि १ जुलै १९९८ ला झालेला जिल्हा, हे सगळं त्यांत आहे. तालुक्याच्या बातमीदाराने लिहिलेल्या चार ओळी दुसरीकडे कुठेच नाहीत. त्या फायली गावोगावच्या वाचनालयांत आणि संपादकांच्या घरी माळ्यावर पडल्या आहेत, आणि लिग्निन आपलं काम रोज करतं आहे. कारंज्याच्या पोथीला आणखी दोनशे वर्षं वाट पाहता येईल. अकोल्याच्या १९६५ च्या वर्तमानपत्राला पुढची वीस वर्षंही काढता येतील की नाही शंका आहे. भांडारांतल्या हस्तलिखितांची छायाचित्रं घ्यायला पैसे आणि माणसं मिळतात, ती योग्यच आहेत. तसाच एक कॅमेरा, एक टेबल आणि पानं हळुवार उलटणारा एक माणूस वाशीमच्या, मालेगावच्या, कारंज्याच्या वाचनालयांत या पिवळ्या फायलींसाठी बसवायला हवा. सुरुवात सर्वांत जुन्या फायलींपासून नको, १९५६ ते १९७५ या वर्षांपासून करावी. सालईचं प्रमाण त्यांत जास्त असणार आणि घडीवर तुटतात त्याही त्याच.